बाद झालेली बारी

आमच्या घोडीला माणसं आवडत नसत. लोणावळ्यात भाड्याची घोडी पाळून पोट भरणाऱ्या घरात हा दुर्गुण परवडणारा नव्हता. बाकीची तट्टं मुंबईच्या पाहुण्यांना घेऊन तुंगार्लीच्या तळ्यापर्यंत अर्धवट झोपेत जायची आणि तशीच परत यायची. ही मात्र पाठीवर बसलेल्याचं वजन, स्वभाव आणि अक्कल पहिल्याच वळणापर्यंत जोखून घ्यायची. एका बंगल्यातले गलेलठ्ठ शेटजी तिच्यावर बसून ऐटीत चिरूट ओढू लागले, तेव्हा तिनं त्यांना करवंदीच्या जाळीत इतकं अलगद उतरवलं की चिरूट विझलासुद्धा नाही. त्या दिवसापासून अब्बांनी तिला पाहुण्यांना देणं बंद केलं आणि तिला विकून टाकायची भाषा सुरू केली. ती भाषा ते पुढं बरीच वर्षं बोलत राहिले.

तिला विकली नाही, ती आंदर मावळातल्या एका आबांमुळे. आबा भातशेती करणारे, अंगानं काटक, आणि बैलांचे वेडे. त्यांचा शर्यतीचा गाडा होता. आमच्याकडं देवाच्या जत्रेत गाडे पळतात ते सपाटीवर नाही, चढावर. त्या चढाच्या धावपट्टीला घाट म्हणतात आणि एका गाड्याच्या एका धावेला बारी. गाड्याला चार बैल, आणि बैलांच्या पुढं एक घोडी, तिच्यावर स्वार. बैल त्या घोडीमागं धावतात. घोडी फार पुढं गेली तर बैलांचा हुरूप जातो, फार जवळ राहिली तर शिंगं तिच्या पुठ्ठ्यात घुसतात. ते अंतर राखणं हीच सगळी विद्या. आबांच्या गाड्यापुढं आमची घोडी धावायची, आणि तिच्या पाठीवर मी.

मी म्हणतो खरा की मी, पण अंतर तीच राखायची. मी आयाळ धरून वाकलेला असायचो आणि ती एक कान मागं वळवून बैलांच्या खुरांचा आवाज ऐकत चढायची. लगाम ओढायची सोय नव्हती, ओढलाच तर तिला राग यायचा. एकदा मी शहाणपणा करून ओढला, तर वर पोचल्यावर तिनं माझ्या दंडाला असा चावा घेतला की ईदला नवीन सदऱ्याची बाही मला वर सारता आली नाही. अम्मी म्हणाली, "बरं झालं. घरात कुणाचं तरी ऐकशील."

तिची एक घुंगुरमाळ होती. चामड्याच्या पट्ट्यावर पितळी घुंगरं. ती फक्त घाटासाठी, एरवी पागेतल्या खुंटीला. जत्रा जवळ आली की मी चिंच लावून ती घासायला बसायचो. पहिलं घुंगरू वाजलं की आमची घोडी, नुसती उभी असलेली, मान उचलायची, नाकपुड्या फुगवायची आणि पुढचा खूर जमिनीवर आपटायला लागायची. गळ्यात माळ पडली की ती माझी राहायची नाही. तिच्या अंगातून एक थरथर यायची आणि ती माझ्या मांड्यांतून वर चढायची. पुढं आयुष्यात पुष्कळ गोष्टींवर बसलो, सायकलीवर, मोटारीत, एकदा आगगाडीच्या इंजिनातसुद्धा. तसलं काही अंगात चढलं नाही.

पावसाळ्यात लोणावळ्यात पाहुणे नसत आणि वैरण महाग, म्हणून चार महिने ती आबांच्या गोठ्यात असे. आबांनीच ती रीत घातली होती. तिला बैलांच्या शेजारी बांधायची, त्यांच्याबरोबर चारायला सोडायची, म्हणजे बैलांना तिची सवय लागते. इकडं माझी पागा रिकामी. मला करमायचं नाही. पाऊस जरा उघडला की कामशेतपर्यंत आगगाडीनं जायचो आणि पुढं चिखल तुडवत पायी. मी गोठ्याच्या दारात दिसलो की ती मुद्दाम तोंड फिरवायची. अगदी सासरी रुळलेल्या लेकीसारखी, माहेरचं कोण आलंय ते दिसलंच नाही असं दाखवायची. मग हळूच मागून येऊन माझ्या सदऱ्याच्या खिशात नाक खुपसायची. खिशात गूळ असायचा. गुळाशिवाय मी कधीच गेलो नाही.

ती म्हातारी होतेय हे सगळ्यांना दिसत होतं. मला सोडून. डोळ्यांवर खळगे पडले होते, कपाळावरच्या चांदाभोवती पांढरे केस आले होते, सकाळी उठताना मागचे पाय जरा अडखळायचे. मी म्हणायचो, थंडी आहे. मग म्हणायचो, नाल नीट बसला नाही. एका जत्रेत घाटाच्या शेवटी बैलाचं शिंग तिच्या पुठ्ठ्याला घासून गेलं. बोटभर ओरखडा. मी त्यावर हळद भरली आणि बैलाला शिव्या दिल्या.

त्या वर्षी होळी झाली आणि आबा लोणावळ्याला आले. पागेत जाऊन त्यांनी घोडीच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. मग बाहेर येऊन ओट्यावर अब्बांच्या शेजारी बसले.

"भाऊ, मी एक नवी घोडी घेतलीया," ते म्हणाले. "औंदा गाड्याम्होरं तिला धरायची."

अब्बा काही बोलायच्या आत मीच उसळलो. "का? हिनं काय घोडं मारलंय तुमचं?"

आबा रागावले नाहीत. "पोरा, तिनं लय दिलं. आता शिंग लागलं, पुढल्या बारीला पोटात जाईल. मला न्हाई बघवायचं."

"तिला पळायचंय, आबा."

"व्हय, तिला पळायचंय. तिचं पाय न्हाई म्हनत्यात."

अब्बा माझ्याकडं बघत होते. त्यांना मी आवडत होतो, आणि विकायच्या सगळ्या गप्पा मारूनही त्यांना ती घोडीही आवडत होती. "तिला आता राहू दे," एवढंच ते म्हणाले. मला त्या दोघांचा इतका राग आला की मी जेवलो नाही. एक बारी, फक्त एक, तिला आणखी मिळावी एवढंच माझं मागणं होतं. शेवटची आहे हे ठाऊक असताना धावलेली बारी. मागच्या वर्षीची बारी शेवटची होती हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, मी ती नीट धावलोसुद्धा नव्हतो.

पण नव्या घोडीचं गणित जमेना. ती जवान, आज्ञाधारक, मऊ तोंडाची, लगाम नुसता हलला तरी वळणारी. म्हातारीला तिच्या माळेसकट घेऊन मी आबांकडं गेलो, आणि त्यांच्या शेतात आम्ही नवीला बैलांपुढं धरली. मी टाच मारली, ती पळाली, आणि बैल कचेरीतल्या कारकुनांसारखे जागच्या जागी उभे. त्यांना ही बाई कोण तेच माहीत नव्हतं. मी मनातून खूश झालो आणि तोंडावर दुःख आणलं. आबांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "म्हातारीची माळ हिच्या गळ्यात घाल बरं."

माळ घातली. घुंगरं वाजली आणि बैल सुटले. माझं तोंड कडू झालं. इतकी वर्षं बैल घोडीमागं धावत होते की पितळेमागं, हा प्रश्न मला त्या रात्री झोपू देईना. मी नव्या घोडीवर बसायला कबूल झालो ते आबांच्या शब्दासाठी. त्यांना दुसरा हलका स्वार मिळणार नव्हता.

चैत्रातली जत्रा. म्हातारीला आबांच्या गोठ्यातच ठेवायची होती, पण बैल तिच्याशिवाय नदी उतरेनात. शेवटी तिला पुढं काढली आणि सगळी वरात तिच्यामागं निघाली. ती खुशीत होती. तिला वाटलं, निघालो नेहमीसारखे. वाटेत तिनं दोनदा मागं वळून माझ्याकडं बघितलं, कारण मी दुसरीच्याच पाठीवर होतो.

जत्रेत पोचल्यावर आम्ही तिला खालच्या गर्दीपासून दूर, घाटाच्या मध्यावर, बाजूच्या शेतात आंब्याखाली बांधली. तिथून बांधाआड तिला धावपट्टी दिसणार नव्हती. माळेतल्या प्रत्येक घुंगरात मी चिंधी कोंबली होती, म्हणजे आमची बारी येईपर्यंत तिला आवाज जायला नको. एवढी काळजी घेतली. आमचा पुकारा झाला. माणसांनी बैल धरून ठेवले, आबांनी चिंध्या उपसून काढल्या, निशाण पडलं.

नवी घोडी सुटली. गळ्यात घुंगरांचा कल्लोळ, मागं बैलांचे खूर, दोन्हीकडं माणसांचा ओरडा. चांगली धावत होती बिचारी. अर्धा घाट चढलो असू, तेवढ्यात डाव्या हाताला खिंकाळणं ऐकू आलं. ते मी हजार घोड्यांत ओळखलं असतं. बघतो तर दाव्याचा तुटका तुकडा गळ्यात, आणि म्हातारी बांधावरून उडी घेतेय.

लोक बाजूला पळाले. ती सरळ घाटात आली आणि आमच्या पुढं, आपल्या जागेवर. तिथं जागा अशी काही नसते, बैलांपुढची नुसती माती. पण ती तिची होती. नवी घोडी बुजली आणि मला घेऊन धावपट्टीबाहेर पडली, घुंगरं वाजवत वाजवत थेट हलवायाच्या दुकानापर्यंत. मी कसाबसा लगाम खेचून वळलो. बैल आमच्या मागं आले नव्हते. घुंगरांकडं त्यांनी ढुंकूनही बघितलं नव्हतं. ते म्हातारीमागं चढत होते, माना खाली घालून, तिच्या पुठ्ठ्यापासून तेवढ्याच अंतरावर, आणि तिचा एक कान मागं वळलेला होता. गळ्यात माळ नाही, तोंडात लगाम नाही, पाठीवर कुणी नाही. मी हलवायाच्या दुकानासमोर दुसऱ्याच घोडीवर बसून ते बघत होतो. मी मोठ्यानं ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही.

पंचांनी बारी बाद केली. एका गाड्याला दोन घोड्या चालत नाहीत, आणि बिनस्वाराची तर नाहीच नाही. त्यावर भरपूर भांडण झालं. आबा त्यात पडले नाहीत. ते देवळातून मूठभर गुलाल घेऊन धापा टाकत वर आले आणि तो त्यांनी म्हातारीच्या कपाळावर फासला. "बाद तर बाद," म्हणाले, आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसू लागले.

मी पोचलो तेव्हा ती चारी पायांवर थरथरत उभी होती. बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या, तोंडाला फेस होता. या वेळी तिनं तोंड फिरवलं नाही. ती दोन पावलं पुढं आली आणि तिनं माझ्या खिशात नाक खुपसलं.

खिसा रिकामा होता. गूळ मी सकाळी नव्या घोडीला चारला होता, तिनं नीट पळावं म्हणून. म्हातारी बराच वेळ तिथंच नाक घालून हुंगत राहिली. तिला वास येत होता.

त्या पावसाळ्यात ती आबांच्या गोठ्यात गेली. नदीला पूर होता, ती मेल्याचा निरोप आठ-पंधरा दिवसांनी पोचला. मी गुळाची भेली घेऊन निघतच होतो, ती तशीच हातात राहिली. आबांनी शेताच्या कडेची जागा दाखवली. बैल तिथंच चरत होते. "आमी न्हाई बांधलं," आबा म्हणाले. "त्येच हितं येत्यात."

नव्या घोडीवर मी पुढं पुष्कळ बाऱ्या मारल्या. ती शिकली, बैलही शिकले. गुलाल घेतला, फेटे बांधून घेतले, लढाईच्या दिवसांत जत्रा बारीक झाल्या तरी आम्ही धावत होतो. त्यातल्या एकाही बारीची मला आज आठवण येत नाही. हवी आहे ती एकच, बाद झालेली. ती घाट चढत होती, मागचे बैल तिच्या खुरांवर जीव लावून येत होते, आणि तिची पाठ रिकामी होती. त्या पाठीवर मी हवा होतो.