इस्त्रीच्या टेबलावरची शिकवणी

इजिप्तच्या दमनहूरमधल्या आमच्या गल्लीत कुणाला बढती मिळाली, कुणाचं वजन उतरलं, कुणाच्या मुलीला बघायला माणसं येणार, हे सगळ्यांत आधी कळतं ते उस्ता मितवल्ली इस्त्रीवाल्याला. माणसं लपवतात, पण कपडे त्याच्यापाशी सगळं ओकतात. बाप गेला म्हणून त्याला तिसरीतून उठवलं होतं. अक्षर ओळखता येत नाही, पण दोनशे घरांच्या शर्टांतून आमच्या ह्यांचा शर्ट डोळे मिटून काढून देतो. अल्ला एक दार लावतो तेव्हा खिडकी ठेवतोच, हे मी त्याच्याकडे बघून शिकले.

एकदा तो मला म्हणाला, "नुहाची आई, शाळेच्या शर्टावरून पोर पुढे कुठे बसणार ते सांगतो मी. खिशावर सोनेरी दोऱ्याचं चिन्ह असलं की दवाखान्यात नाहीतर बँकेत. साधा सरकारी पांढरा असला तर कचेरीत, तेही देवाच्या मनात असेल तर. आणि औद्योगिक शाळेचा निळा डगला असला की गॅरेजात. तीस वर्षांत दोनदा चुकलो असेन."

"आणि तुमची कौसर?"

त्याने इस्त्री दाबली, वाफ सोडली. "अर्धं विद्यापीठ माझ्या इस्त्रीखालून गेलंय. माझ्या घरचं कुणी नाही गेलं," एवढंच म्हणाला.

कौसर ही त्याची एकुलती एक मुलगी, माझ्या नुहाच्या वर्गातली. दोघी शाळेच्या शेवटच्या वर्षाला, सानवियाच्या परीक्षेला बसणार होत्या. कौसर गणितात पुढे, पण रसायनशास्त्रात अडायची. आमच्याकडे ते शाळेत कमी आणि शिकवणीत जास्त शिकवतात. शिकवणी म्हणजे मिस्टर लबीबची. त्यांची फी उस्ताच्या आवाक्यात नव्हती. नुहाच्या वह्या उतरवून कौसर कसंबसं रेटत होती. मार्क कमी पडले तर कपड्यांच्या कारखान्यात तिच्या आत्याने जागा सांगूनच ठेवली होती. बटणं लावायची. तिची आई, उम्म कौसर, म्हणायची, "वाईट काय त्यात? हलालची भाकरी आहे." म्हणायची, आणि ओढणीने डोळे टिपायची.

मिस्टर लबीबच्या शिकवणीचा एक नियम गावभर ठाऊक. ज्याच्या घरी शिकवणी बसते त्याचं मूल फुकट शिकतं. म्हणूनच ती नेहमी मोठ्या दिवाणखान्यांतून भरायची. त्या वर्षी ती इंजिनियरसाहेबांकडे होती, आणि नोव्हेंबरात त्यांच्याकडे रंगारी आले ते जाईचनात. शिकवणीला दुसरं घर हवं होतं. माझ्याकडे सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मी पहाटेच्या फजरच्या नमाजात दुवा मागितली, आणि शेवटचा सलाम फिरवताना डोळ्यांसमोर आलं ते उस्ताचं इस्त्रीचं टेबल. दुकानाच्या मागच्या, त्याच्या घराला जोडलेल्या खोलीतलं, कांबळं अंथरलेलं, आठ पोरं सहज मावतील एवढं लांब.

मी सरळ दुकानात गेले.

"माझ्याकडे?" उस्ता हसायलाच लागला. "अहो, ती माणसं काउंटरपर्यंत येतात. कपडे टाकतात, जातात. आत कोण येतं?"

"बोलावल्याशिवाय कोण येईल?"

डॉक्टरीणबाई जीलान यांचा मुलगा ताहिर त्याच शिकवणीला. त्यांनी जिन्यातच मला गाठलं. "इस्त्रीवाल्याच्या खोलीत? माझा ताहिर? तिथे पोरं शिकतील काय, हँगर मोजायला?"

"बाई, निदान शर्ट तरी कडक राहतील," मी म्हटलं.

शेवटी मिस्टर लबीब स्वतः येऊन बघून गेले. टेबलावर तळहात टेकून म्हणाले, "एवढं लांब टेबल अख्ख्या गावात नाही. रविवारी, अस्रच्या नमाजानंतर." झालं. मिस्टरांच्या शब्दापुढे डॉक्टरीणबाईही गप्प.

पहिल्या रविवारी उस्ताने दुकान दुपारीच बंद केलं. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या घरची पोरं त्याच्या उंबऱ्याच्या आत येणार होती! उम्म कौसर आदल्या दिवसापासून चुलीपाशी. मी नुहाला सोडायला गेले आणि दारातच थबकले. टेबलावर वह्या ठेवायला जागा नव्हती. दोन भाजलेली बदकं, कोबीच्या पानांत भरलेला भात, पदर सुटलेलं तुपातलं फतीर, मध, चीज, लोणची. आणि उस्ता एकेकाला शपथ घालतोय, "अल्लाची शपथ, उठायचं नाही! हा तुकडा माझ्याखातर!"

पोरं ती पोरंच. जेवली. ताहिरने तर बदकाचा पाय सोडला नाही. मग मिस्टर लबीब फळ्याकडे वळले, आणि दहा मिनिटांत दोन पोरं पेंगायला लागली. तिसऱ्याने उघड जांभई दिली. मिस्टर स्वतःही ढेकर दाबत होते, म्हणून त्यांना जास्तच राग आला.

"उस्ता, ही शिकवणी आहे की लग्न? असंच चालणार असेल तर मी दुसरं घर बघतो."

उस्ताचा चेहरा उतरला. सगळे गेल्यावर तो मला म्हणाला, "माझ्या घरात माणूस येऊन कोरडा बसेल? उद्या डॉक्टरीणबाई म्हणतील, इस्त्रीवाल्याने पाणी नाही विचारलं."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून कौसर आली. हात तुपाने माखलेले, डोळे लाल.

"बाबा, मिस्टरांनी आज काय शिकवलं?"

"मला काय ठाऊक, बेटा? मला कळतं का त्यातलं?"

"मलाही नाही कळलं. मी पूर्ण वेळ ताटं नेत होते. ती सगळी बसली होती टेबलाला. मीच तेवढी बसले नव्हते."

उस्ता खाली बसला, पोरांच्या रिकाम्या बाकावर. मग जोरात कपाळावर हात मारला. "याला म्हणतात गाढव! माझी खोली, माझं टेबल, आणि माझीच पोर उभी!"

तो स्वतःच मिस्टर लबीबकडे गेला, माफी मागून आला. पुढच्या रविवारी टेबल स्वच्छ. उस्ता स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसलेला, दरबानासारखा. बायकोने चहाचं आधण ठेवलं तरी डोळे वटारायचा. "शिकवणी संपल्यावर!" कौसर फळ्यासमोरच्या जागेवर. मध्येच ताहिर म्हणाला, "कौसर, जरा पाणी दे ना."

ती उठणार तोच उस्ता म्हणाला, "ताहिरबाळ, माठ तिकडे कोपऱ्यात. पेला वर आहे. आणि येताना एक तिच्यासाठीही आण."

पोरं खो खो हसली. ताहिर लाजला, पण दोन पेले घेऊन आला. त्यानंतर ती पद्धतच पडली. कुणाला तहान लागली की सगळ्यांचे पेले भरायचे. पुढे पुढे डॉक्टरीणबाई मुलाला न्यायला येऊन बाकावर टेकायला लागल्या, आणि उम्म कौसरकडून फतीरचं पीठ कसं ओढायचं ते विचारायला लागल्या.

निकालाच्या दिवशी शाळेच्या भिंतीपाशी नुसती चेंगराचेंगरी. नुहाने कौसरचा आकडा वाचला. उस्ता पुन्हा पुन्हा विचारत होता, "म्हणजे चांगले? चांगले का?" पोरींच्या किंचाळण्याने त्याला उत्तर मिळालं. उम्म कौसरने अशी किलकारी मारली की गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

फार्मसीला कौसर दीड मार्काने राहिली. तिच्याहून कितीतरी कमी मार्क असून ताहिर खासगी विद्यापीठात फार्मसीलाच गेला. हे कळलं तेव्हा माझं मन खट्टू झालं, खोटं कशाला बोलू? पण अलेक्झांड्रियाला विज्ञानाच्या कॉलेजात, रसायनशास्त्रालाच, कौसरला जागा मिळाली. ती म्हणाली, "काकू, मला तेच हवं होतं. फार्मसी बाबांना हवी होती." मग मी शुक्राची, आभाराची दोन रकात नमाज पढले.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी उस्ता तिला सोडायला गेला. सकाळच्या मायक्रोबसने गेला तो संध्याकाळी मगरिबला परतला. मी बाल्कनीतूनच विचारलं, "इतका वेळ? पोर तर सकाळीच आत गेली असेल!"

"गेली ना. मी फाटकाबाहेर बसलो होतो."

"कशाला?"

"बघत होतो, आत कोण कोण जातं." तो एकदम हसला, मान हलवत. "मोठमोठी माणसं, नुहाची आई! एका प्रोफेसरसाहेबांच्या कोटाला पाठीवर अशी घडी, की माझा हात शिवशिवला. सांगतो तुम्हाला, ज्ञान खूप आहे तिथे. इस्त्री कुणाला येत नाही!"