सासूच्या ताटातला एक डाव

शर्टांच्या कारखान्यात ती माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची. कॉलर शिवायची. सगळे तिला 'मुकी' म्हणायचे, कारण तिच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं. आमची घरंही एकाच गल्लीत, म्हणून जे पाहिलं ते सांगते.

लग्न होऊन ती आली तेव्हा त्या घरात स्वतःच्या शेतातलं वर्षाचं धान्य असायचं आणि कोठीची किल्ली सासूच्या कमरेला. वाढायचीही सासूच. आधी सासरा, मग मुलगा, मग स्वतः. भांड्याच्या बुडाला चिकटून राहील ते सुनेचं. सातवा महिना चालू असताना तांदूळ निवडता निवडता मुकीने चिमूटभर तोंडात टाकले. सासूने पाहिलं. पुरुषांसमोर तिला तोंड उघडायला लावलं, चघळलेले दाणे हातावर थुंकायला लावले. पोर जन्मलं ते मुठीएवढं. नऊ दिवस जगलं. आईनेच त्याच्या वाटचं खाल्लं, असं सासू गल्लीभर सांगत फिरली.

सासरा वारला, त्याच वर्षी गावाबाहेर कारखाना निघाला. मुकी आधी लागली, मागोमाग नवरा मालाच्या गाडीवर. शेताकडे बघणार कोण? म्हातारीने एक हंगाम एकटीने रेटला, मग गुडघे बोलायला लागले. शेतात गवत माजलं. धान्य आता दुकानातून पोत्याने यायचं, आणि ज्याचा पगार त्याचं पोतं. स्वयंपाकघर सुनेकडे आलं ते भांड्याला भांडं न लागता.

आता ती वाढायला लागली, सासूला सगळ्यांत शेवटी. एक डाव भात, वर पातळ कालवण. म्हातारीने पुन्हा मागितलं की ही ऐकूच न आल्यासारखी भांडी आवरायची. सकाळी सातला निघताना स्वयंपाकघराला कुलूप. का, तर म्हणे मांजर शिरतं. पूर्वी म्हातारी शेतात गेली की एखादी शेंग, एखादी काकडी तोंडात टाकायची. तेही गेलं. नवऱ्याला सगळं दिसत होतं. तो मान खाली घालून जेवायचा.

एका सुट्टीच्या दिवशी दवाखान्यातली बाई घरोघर चौकशी करत आली. मीही तिथेच होते. तिने पोती पाहिली, दोघं कमावते म्हणून टिपून घेतलं, या घरात खायची ददात नाही असं लिहिलं. मग म्हातारीच्या दंडाला फीत लावली आणि थबकली. पोटभर जेवता ना, असं तिने विचारलं.

म्हातारीने आधी सुनेकडे पाहिलं. "या वयात भूक कुठली, बाई," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी धीर करून मुकीला म्हटलं, "अगं, मरेल ती."

तिने घास चावून संपवला, मग बोलली. "मी काही तिला उपाशी ठेवत नाही. मला मिळायचं तेवढंच देते, घासभरही कमी नाही. मी जगले ना?"

खरं तर एखादं ताट मीही नेऊन देऊ शकले असते. पण मला कारखान्यात चिकटवलं होतं ते तिनेच.

महिन्याभरात म्हातारी भर दुपारी शेतात पडलेली सापडली. पदरात कसलासा पाला होता, थोडा तोंडातही. ज्याने उचलून आणलं तो म्हणाला, हाताला वजनच लागलं नाही. आठवड्याने गेली. मुकीने एक दिवस रजा घेतली आणि पुन्हा मशीनवर येऊन बसली.

नवरा मात्र त्या दिवसापासून घरी जेवत नाही. दोन्ही वेळा कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये. ती रोज त्याचा डबा घेऊन येते, गाडीपाशी नेऊन देते, तो न उघडता परत करतो. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "बाहेरची चव लागलीय त्यांना."

मग माझ्यासमोरच तो डबा उघडते आणि स्वतःचा संपल्यावर त्याचाही खाते, सावकाश, शितही न ठेवता.