दुसऱ्या दाराचे पाद्रीबाबा

आमचे पाद्रीबाबा देवालाही अरेतुरे करत. फ्रान्सहून आलेले हे दाढीवाले, लालबुंद गृहस्थ मराठी शिकले ते अकोटच्या गाडीवानांकडून, कापसाच्या गाड्यांवर बसून. त्यामुळे अमरावतीत त्यांची प्रार्थना सुरू झाली की रस्त्यावरचे बैल कान टवकारत. "देवा, कावून झोपून राहिला बे? छप्पर दे नं आमाले!"

छपराशीच सगळे अडले होते. अमेरिकेत लढाई पेटून तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबल्यापासून वऱ्हाडातला प्रत्येक माणूस आणि प्रत्येक गाडी कापसामागे धावत होती. गिरजाघर बांधायला कोण येणार? भिंती उभ्या, वर आकाश. त्याआधी प्रार्थना एका इंग्रज कापूसदलालाच्या गोदामात होई. महारवाड्यातल्या ठमाबाईने आणि तिच्या माणसांनी मात्र बाहेर उन्हात बसायचे, अशी साहेबाची अट. एका रविवारी बाबांनी प्रार्थना अर्ध्यावर सोडली, क्रूस बगलेत मारला आणि स्वतःच उन्हात जाऊन बसले.

मी मुंबईहून येणाऱ्या चोपड्यांवर वाढलेला. मिशनऱ्यांचे खंडन तोंडपाठ. वाद घालायला गेलो, तर बाबा गिलाव्यासाठी गुडघाभर चिखल तुडवत होते.

"तू नुसता बोलून राहिला, मी तुडवून राहिलो," ते म्हणाले. "आत ये. दोघंई तुडवू, दोघंई बोलू."

मूर्तिपूजेपासून पुनर्जन्मापर्यंत वाद झाला, तोवर चारही भिंतींचा गिलावा आटोपला. जिंकले कोण ते कळले नाही.

मग साहेब आला. मेळघाटचे सागवान देतो, गाड्या देतो. पण गोऱ्या लोकांसाठी वेगळे दार हवे. ठमाबाईच्या मागून आत जाणे त्याच्या मडमेला सोसणार नव्हते.

"देतो," बाबा म्हणाले.

मी घमेले आपटले. "विकले गेलात, बाबा! मी यावर चोपडी छापणार!"

"छाप नं बे. पन पह्यले छप्पर होऊ दे. सायेबानं दार मांगतलं. कुठं काढाचं, थे नाई सांगतलं."

नाताळाआधी छप्पर चढले. दुसरे दारही झाले, ऐसपैस, साहेबाच्याच सागवानाचे. फक्त तिथवर पोचायला बाबांच्या गोठ्यातून जावे लागे. नाताळच्या दिवशी मडम त्या वाटेने निघाली. म्हशीने शेपूट हाणले, बोकडाने टोपीवरची फुले खाल्ली. साहेब कडाडला.

"आमचा देवई गोठ्यातच जलमला, सायेब," बाबा हात जोडून म्हणाले. "लय मानाचं दार हाये हे."

मोठ्या दारातून ठमाबाईने हाक दिली, "मडमबाई, इकडून या नं! इकडं शेन नाई."

पुढच्या रविवारी साहेब मोठ्या दाराशी, ठमाबाईच्या मागे उभा होता.

लढाई संपली, कापसाचे भाव कोसळले, साहेब लोक पांगले. बाबांनाही वरून नागपूरकडे जाण्याचा हुकूम आला. निघताना मी त्यांच्या धर्मावर लिहिलेली चोपडी त्यांच्या हाती ठेवली. गाडीवानाला थांबवून, गाडीत बसूनच, त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली.

"मस्त हानलं बे मले," ते खूश होऊन म्हणाले. "आता मले सांग, तुह्या देवळात ठमाबाईले कोन्या दारातून घेतेत?"

गाडी निघाली. ठमाबाई माझ्याशेजारीच उभी होती. तिला उत्तर ठाऊक होते.

माझी पुढची चोपडी त्याच प्रश्नावर निघाली. तेव्हापासून आमच्या देवळाचे पुजारी मलाही कुठल्याच दारातून आत घेत नाहीत.