पश्चिमेची खिडकी

सॅम्पल हाऊसमधल्या जेवणाच्या टेबलावर प्लास्टिकची सफरचंदं ठेवली होती. आमच्याकडे तोवर जेवणाचं टेबलच नव्हतं, त्यामुळे मी सफरचंदांपेक्षा टेबलाकडेच पाहत राहिले. हे मात्र भिंतींवर बोटांनी टकटक करत या खोलीतून त्या खोलीत फिरत होते. कंपनीचा माणूस हसून म्हणाला, "बिनधास्त वाजवून बघा साहेब. आमच्या अशा वसाहती दिल्लीपासून मद्रासपर्यंत उभ्या आहेत."

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. मी जळगावात मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि हे धुळ्याला पाटबंधारे खात्यात होते. लग्न झाल्यापासून आमचा संसार असा दोन गावांत वाटलेला. मी एका घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायची, हे धुळ्यात ऑफिसातल्या दोघांबरोबर. शनिवारी पारोळा, एरंडोल करत एसटीने यायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे. बदलीचा अर्ज देऊन ठेवला होता. बदली झाली की घर घेऊ, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. मग एका रविवारी हेच म्हणाले, "आधी घर घेऊन टाकू. घर असलं की बदलीही होईल." या बोलण्याला तसा काही अर्थ नव्हता, पण मला ते एकदम पटलं.

तोवर आमच्याकडे घर म्हणजे आधी प्लॉट घ्यायचा, मग गवंडी धरायचा आणि घरातल्या कुणीतरी दिवसभर छत्री घेऊन बांधकामावर उभं राहायचं, अशीच पद्धत होती. मुंबईच्या कंपनीकडून तयार घर घ्यायचं हे माझ्या मोठ्या दिरांच्या पचनी पडेना. शेवटी एवढंच म्हणाले, "पाया भरताना आपलं कोणी नसणार का तिथे?" ह्यांनी सांगितलं, "कंपनीचा इंजिनियर असणार." दीर म्हणाले, "तो कंपनीचा."

वसाहत महामार्गापलीकडे, कपाशीच्या शेतांना लागून होती. घरं जोडीजोडीने बांधायची होती, मधली एक भिंत दोघांत सामाईक. आम्ही बुकिंग केलं तेव्हा तिथे काळ्या मातीवर चुन्याच्या रेघा होत्या आणि लाल बावटे रोवलेले होते. त्यानंतर वर्षभर दर रविवारी सकाळी आम्ही सायकलींवर साईट बघायला जायचो. जोतं आलं, भिंती आल्या. छप्पर नसलेल्या स्वयंपाकघरात उभं राहून मी हवेतल्या हवेत पोळ्या लाटून दाखवायची आणि हे दाराच्या चौकटीतून विचारायचे, "झालं का वाढायला?" पाणी मारणारा माणूस आमच्याकडे बघून नळी दुसरीकडे वळवायचा.

घराचा ताबा मिळाला तो शिमगा उलटल्यावर. बदली झाली नव्हती. भाड्याची खोली आणि घराचा हप्ता असं दोन्ही चालवणं शक्य नव्हतं, म्हणून नव्या घरी जायचं तर मला एकटीनेच जावं लागणार होतं. वसाहतीत तेव्हा बहुतेक घरांना कुलपं होती. संध्याकाळी रस्त्यावर एक दिवा लागायचा आणि पुढे कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या. ह्यांना काळजी वाटत होती, आणि मला वाटत नव्हती असंही नाही.

तेव्हा अक्का आल्या. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, सगळं घर त्यांना अक्काच म्हणायचं. यावलजवळच्या खेड्यात केळी आणि कपाशीची शेती, तिथे थोरल्या दिरांकडे त्या राहायच्या. आमचा दोघींचा सहवास सणावारापुरता. माझं माहेर धुळ्याकडचं, माझ्या तोंडी 'आहे'च्या जागी 'शे' यायचं ते ऐकून त्यांना हसू फुटायचं, आणि 'ड'चा 'ळ' करणारं त्यांचं 'इकळे-तिकळे' मला नीट कळायला वर्ष गेलं होतं. एक वळकटी आणि तिखटाची बरणी घेऊन त्या उतरल्या. घरभर फिरल्या, मोझॅकच्या फरशीवरून पाय फिरवून पाहिला, आणि म्हणाल्या, "चांगलं आहे. आवाज लई होतो पन." सामान नव्हतं ना, म्हणून घर घुमायचं.

चैत्र सरता सरता आम्हाला घराची खरी ओळख झाली. दुपारी तीनच्या पुढे स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन आत शिरायचं आणि सूर्य बुडेपर्यंत ओट्यावर मुक्काम ठोकायचं. कडप्प्याला हात लावून अक्का म्हणाल्या, "इठी तं तव्याबिगर भाकर होईन व."

मी चक्रावले. सॅम्पल हाऊसमध्ये तर स्वयंपाकघरात सकाळचं कोवळं ऊन होतं, मी तिथे उभी राहिले होते, मला आठवत होतं. शनिवारी हे आले तसे आम्ही दोघं साईट ऑफिसात गेलो. तिथला इंजिनियर तरुण होता आणि बोलायला नम्र. त्याने दोन काड्यापेट्या टेबलावर एकमेकींना चिकटवून ठेवल्या.

"मॅडम, ही जोडी. मधली भिंत एकच, म्हणून एक घर डावं आणि एक उजवं. एकाची खिडकी पूर्वेला आली की दुसऱ्याची पश्चिमेला येणारच. सॅम्पल हाऊस उजवं होतं. तुमचं डावं आहे."

"पण हे आम्हाला कोणी सांगितलं नाही," हे म्हणाले.

"तुम्ही तर दर रविवारी येत होतात, साहेब."

आम्ही दर रविवारी येत होतो, पण सकाळी. वर्षभरात एकदाही दुपारचं ऊन कुठून येतं ते बघायला थांबलो नव्हतो. कुणी फसवलं असतं तर रागावता तरी आलं असतं. परत येताना सायकल हातात धरून आम्ही चालतच आलो.

घरी आल्यावर हे म्हणाले, "खिडकी बुजवून टाकू. चार विटांचं तर काम आहे. वर एक झरोका ठेवू."

अक्का ताक घुसळत होत्या. त्यांनी रवी थांबवली. "खिळकी बुजवायची नाही."

"अगं, पण ऊन..."

"उन्हाचं पाहू. खिळकी राहू दे."

आईशी वाद घालायची ह्यांची रीत नव्हती. विषय तिथेच राहिला. आम्ही गोणपाट ओलं करून खिडकीवर टांगायला लागलो आणि दोन्ही वेळचा स्वयंपाक सकाळीच उरकायला लागलो. मे महिन्यात शाळेला सुट्टी, त्यामुळे दुपारभर आम्ही दोघी पुढच्या खोलीत फरशीवर पाणी शिंपडून पडायचो. अशाच एका दुपारी, मी काही विचारलं नसताना, अक्का बोलायला लागल्या.

त्या लग्न होऊन आल्या तेव्हा गावच्या घरातलं स्वयंपाकघर म्हणजे आतली अंधारी खोली होती. धूर जायला वर छपराचं एक कवेलू सरकवलेलं, बस. त्यांनी सासूकडे एकदा खिडकीची गोष्ट काढली. सासूने सासऱ्यांच्या कानावर घातली. सासरे जेवता जेवता म्हणाले, खिडकी रस्त्यावर उघडेल, बायामाणसं रस्त्यावरून दिसतील, आणि हात धुवायला उठले. "मंग काय, नाही म्हनजे नाही," अक्का म्हणाल्या. "बाहेर कोन चाललं, गाय कोनाची सुटली, पावसाचं आभाय आलं का गेलं, मले काही दिसे नाही. नुसतं आयकू ये."

हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पदराने वारा घेत त्या छताकडे बघत होत्या. त्या दिवसापासून मी त्यांच्यासमोर वावरताना जो एक संकोच बाळगायची, तो आपोआप सैल झाला.

जूनमध्ये अक्का चार दिवसांसाठी गावी गेल्या आणि परतल्या त्या एका पोत्यासकट. पोत्यात केळीचे कंद होते. कंडक्टरने पोतं टपावर चढवायला लावलं म्हणून त्यांची त्याच्याशी बाचाबाची झाली होती, आणि ती हकीकत त्या दोन दिवस सांगत होत्या. मोरीचं पाणी पश्चिमेच्या बाजूला जिथे जायचं तिथे, खिडकीपासून थोडं अंतर सोडून, त्यांनी स्वतः खड्डे केले. मी कुदळ मागितली तर म्हणाल्या, "तू चहा कर."

केळी वाढायला लागली तसा प्रश्न निघाला कंपनीचा. वसाहतीत सगळ्या घरांभोवती सारखी हिरवळ असावी असा त्यांचा नियम होता. मुंबईहून अधूनमधून एक अधिकारी पाहणीला यायचा. तो आमच्या घराच्या बाजूला येऊन उभा राहिला तेव्हा केळी माझ्या खांद्याला लागली होती. शाळेतून नुकतीच परतून मी दारातच होते. अक्का आधीच बाहेर पोचल्या.

"अक्का, इथे झाडं लावता येत नाहीत," तो म्हणाला. "हिरवळ करायची ठरलीय. सगळ्या घरांना सारखी."

"करा ना भाऊ. पुढून करा. हे तं बाजूले आहे."

"बाजूलासुद्धा तोच नियम आहे."

अक्कांनी त्याला हाताने खूण करून आत बोलावलं. तो बूट काढून स्वयंपाकघरात आला. दिवस पावसाळ्यानंतरचे, तरीही ऊन बऱ्यापैकी होतं. अक्का म्हणाल्या, "ओट्याले हात लाव." त्याने लावला आणि काढून घेतला.

"तुह्या घरची खिळकी कोन्या अंगाले आहे?"

तो जरा अवघडला. "माझं घर नाही अक्का. विरारला भाड्याने राहतो. खिडकी आहे एक, पण समोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत आहे."

"इतकी घरं बांधता, अन् तुले नाही?"

"नाही," तो म्हणाला, आणि त्याला हसू आलं. अक्का मात्र हसल्या नाहीत. त्यांनी गॅसवर आधण ठेवलं. चहा पिताना त्याने त्यांना त्यांचं गाव विचारलं, शेत विचारलं. निघताना बूट चढवत म्हणाला, "पुढच्या वेळी मी या बाजूने येणार नाही, म्हणजे मला काही दिसणार नाही." नंतर तो कधी आला, कधी गेला, आम्हाला कळलंच नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरात बसवत होतं. ऊन पानांतून गाळून यायचं. सगळंच छान झालं असं मात्र नाही. डास वाढले, बोअरचं पाणी कमी पडायला लागलं तसं शेजारी केळीकडे बोट दाखवू लागले, आणि वैशाखातल्या एका वावटळीत दोन झाडं घडांसकट कुंपणावर आडवी झाली. ते कच्चे घड अक्कांनी भाजीसाठी वसाहतीत वाटले. तोवर बरीच कुलपं निघाली होती. नवी बिऱ्हाडं घर बघायला यायची तेव्हा अक्का त्यांना एकच सांगायच्या, "दुपारून या पाहाले."

बदलीचा हुकूम आला तो त्यानंतरच्या जूनमध्ये. हे ट्रंक आणि गादी घेऊन रिक्षाने घरी आले, तेव्हा आम्ही दोघी दारात उभ्या होतो. सोमवारी पहाटे मला जाग आली तर हे अंधारात शर्टाची बटणं लावत होते. "कुठे निघालात?" मी विचारलं. हे थांबले आणि शर्टासकट पुन्हा आडवे झाले.

महिन्याभराने थोरले दीर अक्कांना न्यायला आले. घरी दिरांच्या सुनेचं बाळंतपण होतं. आम्ही दोघांनी राहायचा आग्रह केला. अक्का म्हणाल्या, "आता हा आहे ना इठी. तिकळे माह्यं काम आहे." त्यांनी वळकटी बांधली. स्टँडवर जाताना रिक्षात त्यांनी माझा हात मांडीवर घेतला होता आणि बोलत मात्र दिरांशी होत्या, खताबद्दल. बस निघून गेल्यावर मी शाळेत गेले. फळ्यावर गणित मांडताना डोळे भरून आले, म्हणून मुलींकडे पाठ करून तेच गणित पुन्हा एकदा लिहिलं.

संध्याकाळी घरी आले तर हे आधीच आलेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण कामाच्या दिवशी संध्याकाळी एका घरात आम्ही दोघंच, असं तोवर कधी घडलं नव्हतं. घर पहिल्यासारखं घुमत नव्हतं, तरी शांत होतं. हे स्वयंपाकघराच्या दारात घुटमळले.

"भाजी काय करायची आहे?"

"गवार आहे."

त्यांनी भाजी निवडायची पाटी शोधली. कुठे असते ते त्यांना ठाऊक नव्हतं, मी सांगितलं नाही, त्यांनाच सापडू दिली. मग आम्ही दोघं जमिनीवर बसलो आणि गवार मोडायला लागलो. हे शिरा नीट काढत नव्हते. मी त्यांच्या बाजूची एकेक शेंग उचलून पुन्हा निवडत होते, आणि हे धुळ्याच्या ऑफिसातलं काहीतरी सांगत होते.