पाठ फिरवून पाजलेलं पाणी

आमच्या गल्लीत रोज सकाळी एक बाई कडक भाकरी विकायला येते. नाव मी कधी विचारलं नाही. डोईवर पाटी, आणि काही सांगायचं झालं की आधी पदर कमरेला खोचायची सवय.

यंदाच्या उन्हाळ्यात माझ्या म्हाताऱ्या कुत्र्यानं पाणी पिणंच सोडलं. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर हे जगायचं नाही. मग मी वाटी घेऊन दिवसभर त्याच्या मागं. तोंडाशी धरली की ते मान फिरवायचं. सून म्हणाली, "मामा, तुमच्यावरच गेलंय." मला बरंच वाटलं. माझं कुत्रं आहे ते, कुणी पाजतंय म्हणून पिणार नाही. पण आतून जीव तुटत होता.

एके सकाळी ती बाई हे बघून थांबली. पाटी उतरवली, पदर खोचला.

"आजोबा, डोक्यावर हुबं राहून पाजताय व्हय? म्हातारं झालं तरी मान असतो की त्याला."

तिनं वाटी घेतली, पाण्यात भाकरीचा तुकडा चुरला, दारातल्या कडुलिंबाच्या सावलीत ठेवली आणि माझा दंड धरून मला रस्त्याकडं वळवलं. "आता तिकडं बघायचं न्हाय."

आम्ही दोघं रस्ता बघत बसलो. बऱ्याच वेळानं मागून लपलप ऐकू आली. मी मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "प्यालं का परत?"

"प्यालं. पन तुज्या सांगण्यानं न्हाय, त्याच्या मनानं."

"व्हय की," ती पाटी उचलत म्हणाली, "मी त्याला कुटं काय सांगितलं? मी तुमाला सांगितलं."