नर्सबाईंची धाकटी

आमच्या नर्सबाई देवाकडे कोमट पाणी मागायच्या. स्वतःसाठी नव्हे, परदेशात तुरुंगात पडलेल्या एका बाईसाठी. घरात चार माणसं जमवून प्रार्थना केली, एवढाच तिचा गुन्हा. "बापा, तिला आंघोळीला कोमट पाणी दे. पायाची सूज उतरव." झालं, आमेन.

दर बुधवारी दुपारी शरणपूर रोडवरच्या त्यांच्या खोलीत आम्ही सहा-सात बायका जमायचो. मी तेव्हा तरुण होते, म्हणजे साठीची. माझी प्रार्थना अर्धा तास चाले. राष्ट्रांची द्वारे, अंधाराची सत्ता, सगळं यायचं तिच्यात. देवालाही डुलकी लागत असेल. संपली की नर्सबाई म्हणायच्या, "सुमन, लय मोठं मागतेस गं. त्या पोरीला आज जेवायला मिळालं का, ते विचार की आधी!" सायखेड्याच्या बाई, उभा जन्म सरकारी दवाखान्यात काढलेला. वॉर्डातल्या डॉक्टरशी बोलावं तसंच देवाशी बोलायच्या.

बातमी यायची त्यांच्या भाचीकडून. ती तिकडे मिशनरी म्हणून गेलेली, जगाला सांगायला शिक्षिका. तिचा फोनवरचा निरोप नर्सबाई आम्हाला वाचून दाखवायच्या आणि लगेच पुसून टाकायच्या. त्या बाईचं खरं नाव आणि गाव खोलीबाहेर न्यायचं नाही, असा त्यांचा नियम. बाहेर तिला नुसतं 'धाकटी' म्हणायचं.

आणि मी काय करावं? एका बुधवारी घरी पोचायच्या आत चर्चच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर धाकटीचं नाव, गाव, सगळं टाकून मोकळी. खाली सात वेळा जोडलेले हात. बातमी सर्वांत आधी माझ्याकडून जायला हवी ना!

नर्सबाई रिक्षा करून आल्या. चपलाही न काढता म्हणाल्या, "काढ ते."

"अहो, आपलीच तर माणसं आहेत."

"आपल्याच माणसांना पुढं पाठवायची घाई असती, बाई."

काढलं. पण चार दिवसांनी सटाण्याच्या चुलतजावेनं तोच मजकूर मलाच पाठवला. खाली लिहिलेलं, 'दहा जणांना पाठवा.' पाठोपाठ भाचीची एक ओळ आली, "आत्या, आता निरोप पाठवता येणार नाही." त्यानंतर काहीच नाही.

नर्सबाई रागावल्या नाहीत. "तुझ्यामुळं झालं का, ते कळायचं नाय आपल्याला. तू येत जा." मीच गेले नाही. लाज वाटत होती, सांगताना मात्र गुडघे दुखतात म्हणायचे. हळूहळू बाकीच्याही गळाल्या. दोन वर्षं दर बुधवारी त्या एकट्याच बसत राहिल्या.

त्यांनी अंथरूण धरलं, तेव्हा कुठे मी गेले. त्यांना बोलता बोलता धाप लागत होती. "आज धाकटीसाठी तू माग," म्हणाल्या. माझे मोठाले शब्द कुठे गेले, कोण जाणे. मी म्हटलं, "बापा, तिच्याशी कुणीतरी दोन शब्द बोलू दे."

"आमेन," नर्सबाई म्हणाल्या. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

धाकटी जिवंत आहे की नाही, मला ठाऊक नाही. बुधवारी दुपारी मी स्वयंपाकघरात बसते. मागणारी मी, आणि आमेन म्हणणारीही मीच.