अमोनियाची शंका

"शंका घेऊन घरी जायचं नाही."

तास संपला की सर दारात आडवे उभे राहून हे वाक्य म्हणायचे. एक हात चौकटीला, दुसऱ्या हातात खडू. आत दप्तरं भरून उभी राहिलेली पोरं आणि बाहेर व्हरांड्यात पुढच्या तासाचा मास्तर, म्हणजे मी, घड्याळ बघत चरफडत उभा.

असा एखादा सहकारी तुम्हीही सोसला असेल. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली खासगी क्लास निघत होते. आमचा क्लास एका आडत दुकानाच्या मागच्या गोदामात होता. वर पत्रे आणि एका बाकावर पाच-पाच जण. हदगाव, भोकर, कुठकुठून आलेली पोरं खोल्या करून राहायची. सर रसायनशास्त्र शिकवायचे, मी भौतिकशास्त्र. आता सर नाहीत आणि ते गोदामही नाही, पण माझ्या तासातली दहा मिनिटं ते रोज खायचे हे मी अजून विसरलेलो नाही. एकदा मी तोंडावर म्हणालो, "सर, माझ्या तासाचं काय?"

"तुमचं गुरुत्वाकर्षण कुठं पळून जात नाही," ते म्हणाले आणि पुन्हा आत वळले.

बाकीचे धडे ते झरझर संपवायचे, पण रासायनिक बंधाची उजळणी आली की गाडी अडलीच म्हणून समजा. घरून कणकेचे गोळे आणि खराट्याच्या काड्या आणायचे. घरी काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, काय म्हणत असतील कोण जाणे. टेबलावर मिथेन, पाणी, अमोनिया मांडून ठेवायचे आणि म्हणायचे, "आधी इलेक्ट्रॉन मोजा, मग आकार सांगा. न मोजता बोलेल त्यानं उभं राहावं." अर्धा वर्ग उभाच असायचा. वाळलेला अमोनिया घरी नेऊन कुणी गाईला घातला अशी पोरांत आवई होती.

सणासुदीला पोरं गावी निघाली की सर जास्तच बेचैन व्हायचे. किनवटच्या एका मुलीची शंका राहिली म्हणून स्टँडवर गेले आणि एसटीच्या खिडकीतून तिला बंधाचे प्रकार समजावून आले. कंडक्टरची घंटी मारायची राहिली होती ती त्यांच्यामुळेच. आम्ही सगळे हसलो. मीही हसलो, आणि त्याची लाज मला पुढं वाटली.

एका पावसाळ्यात माझा पारा चढला. एका तासातली वीस मिनिटं गेली होती. मी म्हणालो, "सर, हा काय नाद आहे तुम्हाला? उद्या सांगितलं तर काय बिघडतं?"

 तास सुटल्यावर ते मला चहाच्या टपरीवर घेऊन गेले. चहा निवला तरी कप तसाच होता.

"भूकंपाच्या आधी मी कॉलेजात शिकवत होतो," ते म्हणाले. "अकरावीची एक मुलगी होती. गणपती विसर्जनाला गावी निघाली, जाताना माझ्या टेबलापाशी आली. म्हणाली, सर, बोरॉनला तीन बंध आहेत तर तो रेणू सपाट, अन् अमोनियालाही तीनच, मग तो सपाट का नाही? मला घाई होती हो. मी म्हणालो, गावाहून आलीस की बघू, तोवर तूच विचार करून बघ."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. आमच्या भागात ते सांगावं लागत नाही. विसर्जनानंतरच्या पहाटे कुठली गावं गेली हे सगळ्यांना पाठ आहे. त्यानंतर व्हरांड्यात उभं राहण्याबद्दल मी कधी तक्रार केली नाही.

दोन-तीन वर्षांनी, एका दुपारी, मधल्या सुट्टीत एक धोतरवाले गृहस्थ क्लासवर आले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही. वर्गात मी आणि सर दोघंच होतो.

"रसायनचे सर तुम्हीच का? वहीवर नाव हाय तुमचं."

"हाव, मीच."

"आमच्या पोरीची वही हाय ही." त्यांनी तिचं नाव सांगितलं. सरांनी बाकाचा कोपरा धरला. हा माणूस जाब विचारायला आलाय असंच त्यांना वाटलं असणार. मलाही तेच वाटलं.

"ढिगाऱ्यातनं दप्तर निघालं व्हतं," ते म्हणाले. "हिच्या मायनं पेटीत घालून ठिवलं, उघडू देत नव्हती. आता पत्र्याच्या शेडातनं नव्या घरात गेलो तवा निघालं. त्या सांच्याला इसर्जनाहून आली अन् लिवत बसली. म्या म्हणलं, झोप की. तर म्हणली, आबा, सरांनी इचारलं तर सांगाया पायजे." त्यांनी शेवटचं पान उघडलं. "मला त्यातलं काय कळत न्हाई. येवढं सांगा सर, बरोबर हाय का?"

पान मातकट झालं होतं. अमोनियाचं चित्र, आणि खाली स्वच्छ अक्षरात: नायट्रोजन जड असतो, त्याच्या वजनाने तिन्ही हायड्रोजन खाली वाकतात.

साफ चूक. भौतिकशास्त्राच्या माणसालाही कळावी इतकी चूक. आणि अर्ध्या मार्कासाठी पोरांशी भांडणारे आमचे सर ते पान बघत होते. त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं, उत्तरासमोर बरोबरची खूण केली आणि खाली सही केली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पूर्ण बरोबर. हुशार होती."

"लई हुशार व्हती," आबा म्हणाले. त्यांनी डोळे पुसले, वही पुन्हा पिशवीत गुंडाळली, दोघांना हात जोडले आणि निघाले. तिच्या मायला सांगायची त्यांना घाई झाली होती.

मी सरांच्या खांद्यावर हात ठेवणार होतो, पण ते फळ्याकडे वळले. त्यांनी नायट्रोजन काढला, तीन हायड्रोजन काढले, आणि नायट्रोजनच्या डोक्यावर दोन टिंबं दिली.

"बघ बाळ," रिकाम्या बाकांकडे पाहत ते हळू म्हणाले, "वजनाचा संबंध नाही. या दोन इलेक्ट्रॉनांचा बंध कुणाशीच झालेला नाही. रेणूच्या आकारात ते दिसतही नाहीत. पण त्यांना जागा लागते, म्हणून ते बाकीच्या तिघांना रेटतात. बोरॉनवर असे कुणी नसतात, म्हणून तो सपाट. कळलं का?"

आणि ते उत्तराची वाट बघत थांबले.